सुतकातला चिरोटा

आत्या गेली त्याच्या पाचव्या दिवशी मी बहारीनमध्ये, मनाम्यातल्या एका इटालियन बेकरीत बसून दोन पेस्ट्र्या खाल्ल्या, बोटांना लागलेली साखर चाटली आणि समोर बसलेल्या बाबांना म्हटलं, तुम्ही फारच मिळमिळीत माणूस आहात बुवा, इतकं रांगेत उभं राहून नुसती काळी कॉफी पिता. आत्या गेलीय हे बाबांना ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, मिरजेत तर अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, कारण माझी दहावीची परीक्षा चालू होती. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवत न्यायची आणि शेवटी कुणाला तरी मारायचं, हा प्रकार मला आवडत नाही. शिवाय मला सांगायचंय ते आत्या गेल्याचं नाहीच. तिच्यामागून बाबांचं आणि माझं जे झालं, ते सांगायचंय.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा तिला अक्का म्हणायचे. तिने लग्न केलं नाही. मिरजेत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये ती रक्त तपासायची आणि संध्याकाळी घरी आली की आधी कोपरापर्यंत हात धुवायची, मग मला जवळ घ्यायची. मी चार वर्षांची असताना आईबाबा बहारीनला गेले. तिकडे बस्तान बसलं की हिला नेऊ, असं म्हणता म्हणता आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत माझे दात पडले, आले, गोवर झाला, सायकल शिकले, शाळेत नाटकात झाडाचं काम केलं, आणि या सगळ्याला आत्या हजर होती. मला न्यायला आले तेव्हा मी बारा वर्षांची होते. आई म्हणजे फोनमधला आवाज, अशी माझी सवय झाली होती. तो आवाज आता स्वयंपाकघरातून यायला लागला, एवढाच फरक पडला. आईने फार केलं माझं, नाही असं नाही. पण मी भाजीत काय खात नाही हे तिला विचारावं लागायचं, आणि तिने विचारलं की मला उगाचच राग यायचा. मी तेव्हा मोठी खडूस पोर होते. आता आरशात बघितलं तर तीच दिसते, फक्त एखाददुसरा केस पांढरा झालाय.

सनद नावाच्या उपनगरातला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. बाबा एअरकंडिशनिंगचे इंजिनीअर, त्यामुळे आमच्या घरातला एसी कधी बिघडायचा नाही आणि कधी बंदही व्हायचा नाही. त्याची घरघर इतकी अंगवळणी पडली होती की लाइट गेली की कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. खिडकीच्या कट्ट्यावर कबुतरं, पाच वेळा अजान, खाली कोल्ड स्टोअरचं, म्हणजे तिकडच्या किराणा दुकानाचं, दार उघडलं की वाजणारी घंटी, आणि बाकी काही नाही. जिन्यात कुणी कुणाशी बोलत नसे. शेजारी इजिप्तचं एक कुटुंब होतं, त्यांच्या दाराबाहेरच्या चपलांवरून मी घरात माणसं किती ते ओळखायची, पण त्यांचे चेहरे मला नीट माहीत नव्हते. शाळेत सगळ्या मुली फाडफाड इंग्रजी बोलायच्या. माझं मिरजेचं मराठी मीडियम. मी वाक्य मनात जुळवून तोंडापर्यंत आणेपर्यंत विषय बदललेला असायचा. हसायच्या म्हणाल तर तसं नाही, चांगल्या होत्या बिचाऱ्या, माझ्यासाठी थांबायच्या. त्या थांबायच्या तेच मला नको व्हायचं. तीन वर्षं मी मधल्या सुट्टीत डबा खाऊन लायब्ररीत जाऊन बसले. मी फार एकटी होते, आणि हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं माणूस मिरजेत होतं आणि तिला सांगितलं असतं तर ती रडली असती.

तिच्याशी रोज संध्याकाळी फोन व्हायचा. आई सहाला ऑफिसातून यायची, त्याच्या आधीचा तास आमचा. आत्याला मेसेज टाइप करणं जमायचं नाही, जमवून घ्यायचंही नव्हतं. फोन नाही लागला तर ती तोंडाने बोलून मेसेज पाठवायची, आणि तेही पत्र लिहावं तसे, सुरुवातीला "सुमे, मी आत्या बोलालीय" असं सांगून. जणू दुसरं कुणी असणार होतं. "काय करालीस गं? जेवलीस का? उन्हाचं बाहेर हिंडू नकोस. इथं शेजारच्यांनी पोपट आणलाय, तो नुसता शिट्टी मारतोय, बोलत काय नाही मेला." मागे कुकर, रिक्षा, दारावर भाजीवाली. मी ते मेसेज दोन-दोनदा ऐकायची. पहिल्यांदा आत्यासाठी आणि दुसऱ्यांदा मागच्या आवाजांसाठी.

बाबांशी मात्र काय बोलावं हे मला कळायचं नाही, आणि त्यांनाही माझ्याशी काय बोलावं हे कळत नसे. तापमानाबद्दल बोलायचो. आज बाहेर चव्वेचाळीस आहे, आत तेवीस ठेवलंय. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी आम्ही तिघं आठवड्याचं सामान आणायला मनाम्याला जायचो. आई बाब अल बहरीनच्या कमानीपाशी उतरायची आणि सूकमधल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, गल्ल्यांत शिरायची. तिथे रत्नागिरीच्या एका मुसलमान दुकानदाराकडे कोकम, कुळथाचं पीठ असलं काय काय मिळायचं, आणि भाव करता करता आईला गप्पाही मिळायच्या. तिला तास-दीड तास लागायचा. तोपर्यंत बाबा आणि मी गाडीत बसून राहायचो, एसी लावून, दोघं समोर बघत. असे किती तरी शुक्रवार गेले. मग एकदा बाबाच म्हणाले, "चल, कॉफी पिऊ कुठेतरी," आणि पार्किंग शोधत शोधत आम्ही त्या बेकरीपाशी पोचलो.

बेकरीच्या दाराबाहेर फुटपाथवर माणसं उभी होती. इतकी गर्दी बघून बाबा परत फिरायला निघाले होते, पण वास असा होता की मीच दार ढकललं. लोणी, भाजलेली साखर, संत्र्याची साल आणि कॉफी. आत शिरल्यावर यंत्रातून नंबराचा कागद घ्यायचा आणि भिंतीवरच्या लाल आकड्याकडे डोळे लावून उभं राहायचं. पांढऱ्याशुभ्र पायघोळ तोबातले बहारीनी आजोबा नातवंडांना घेऊन आलेले असायचे, गोऱ्या बायका, फिलिपिनो मैत्रिणींचे घोळके, आणि सगळे एकाच वेळी बोलत. पेस्ट्र्यांचे दोरी बांधलेले डबे डोक्यांवरून इकडून तिकडे जायचे. दुकानाची मालकीण एक जाडजूड इटालियन बाई होती. गल्ल्यामागे उभी राहून ती कामगारांवर ओरडायची आणि गिऱ्हाइकांकडे बघून त्याच दमात हसायची. आमचा नंबर येईपर्यंत निम्मी काच रिकामी झाली होती. उरलेल्यांपैकी एका पेस्ट्रीकडे बोट दाखवून मी म्हटलं, बाबा, चिरोटा.

खरंच चिरोटा होता तो. शिंपल्याच्या आकाराचा, पण पदर अन् पदर सुटलेला, कागदापेक्षा पातळ, वरून पिठीसाखर. त्याचं इटालियन नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही. बाबा इंजिनीअर असल्यामुळे ते प्रयत्न करायचे आणि काउंटरवरची फिलिपिनो मुलगी ओठ दाबून हसायची. आम्ही आपलं चिरोटा म्हणायचो. दात लावला की कर्रकन आवाज, आणि आत गरम, मऊ, किंचित दालचिनीचं सारण. अर्धा चिरोटा माझ्या कुडत्यावर सांडला. बाबांनी रुमाल दिला. त्यांनीही एक घेतला होता. त्यांच्या मिशीला साखर लागली होती आणि ते म्हणाले, "अक्काला सांग." वर्षभरात त्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य, ज्यात तापमान नव्हतं.

अक्काला सांगितलं. ती फोनवर लगेच उलटतपासणीला बसली.

"साटा कशाचा लावतात?"

"काय माहीत."

"मग बघून ये की. वळकटी घट्ट आहे का सैल? तळतात?"

"नाही गं, भाजतात. भट्टीत."

"भाजून पदर सुटतात? काहीतरीच. विचार त्यांना. आणि आत काय घालतात ते पण विचार. सुट्टीत आलीस की करू आपण."

मग ते आत्या धरून आमचं तिघांचं कामच होऊन बसलं. दर शुक्रवारी आईला सोडायचं, बेकरीत जायचं, एक माझा आणि एक बाबांचा, खाता खाता निरीक्षण, आणि संध्याकाळी आत्याला अहवाल. मागच्या बाजूला काचेपलीकडे कारागीर काम करायचे ते दिसायचं. एक मल्याळी माणूस कणकेची लांबच लांब पट्टी ताणायचा, इतकी की पलीकडचा त्याचा हात दिसायचा, मग तिला हाताने लोणी फासून गुंडाळत जायचा. बाबा घड्याळ लावून बघायचे. "वळकटी चांगलीच घट्ट आहे, सांग अक्काला." एरवी आमच्या घरात माझ्या मिरजेच्या आठवणीवरून एक अवघडलेपण असायचं. आईबाबांना वाटायचं, हिचा जीव तिकडेच. त्या बेकरीत मात्र बाबांना आणि मला एकच माणूस हवं होतं आणि त्याची लाज वाटत नव्हती.

दहावीची परीक्षा मार्चमध्ये सुरू झाली. पेपरांच्या मध्ये मोठमोठ्या सुट्ट्या, त्यामुळे महिना जातो. सायन्सचा पेपर सोमवारी होता. मी घरी आले तेव्हा बाबा घरातच होते. तब्येत बरी नाही म्हणून ऑफिसला गेलो नाही, म्हणाले. डोळे लाल होते. बहारीनला मार्चमध्ये धूळ उडते, सगळ्यांचेच डोळे लाल असतात. संध्याकाळी मी परीक्षेपुरता आईकडे ठेवलेला माझा फोन मागितला तर आई म्हणाली, "आत्याचा निरोप आलाय. तुझे पेपर संपेपर्यंत ती फोनवर बोलणार नाही. म्हणे बोललं की तुझं लक्ष उडतं." मला हे पटलं. आत्या असं करू शकली असती. मी जरा फुगले, आणि मग मनाशी ठरवलं की शेवटचा पेपर झाला की पहिला फोन तिला, घरी पोचायच्या आत.

त्यानंतरच्या दिवसांत घरात काहीतरी बदललं होतं आणि मला दिसत सगळं होतं, कळत काही नव्हतं. स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज येईना. आमटी नुसती उकडलेली, पापड नाही, तळण नाही, गोड तर नाहीच. मी वैतागून आईला म्हटलं, परीक्षा माझी आहे की तुझी? ती म्हणाली, परीक्षेत हलकं खावं. देव्हाऱ्याचा पडदा ओढलेला. आई म्हणाली, माझी अडचण आहे. मी म्हटलं, मग बाबांना करू दे की पूजा. म्हणाली, त्यांना वेळ नाही. बाबा हॉलमध्ये चटई टाकून खाली झोपायला लागले, म्हणे कंबर धरलीय. दाढी वाढली होती. मिरजेच्या घरात मी दोनदा सुतक पाळलेलं पाहिलं होतं. कुणी गेलं की दहा दिवस देवाला शिवायचं नाही, गोड खायचं नाही, हे मला पाठ होतं. एवढ्या खुणा समोर असताना मुलगी ओळखू शकत नाही, याचं मला आजही नवल वाटतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा इतिहासातल्या सनावळ्या होत्या, आणि मरतात ती म्हातारी माणसं, असा माझा समज होता. आत्या सत्तावन्न वर्षांची होती. सोमवारी सकाळी लॅबमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या तिला झटका आला आणि पाच मिनिटांत खेळ आटोपला.

शुक्रवारी मी हट्ट धरला. एक दिवस तरी बेकरीत जाऊ, आठवडाभर अळणी खातेय. आईने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "चल." त्या दिवशी आई सूकला आली नाही, आम्ही दोघंच गेलो. नंबर येईपर्यंत पाऊण तास लागला. बाबांनी माझ्यासाठी दोन घेतले, स्वतःला काळी कॉफी. मी वर लिहिलं तसं त्यांना चिडवलं. ते म्हणाले, "नको वाटतंय गं." मग मी काचेपाशी गेले. तो मल्याळी कारागीर हात पुसत बाहेर आला होता. धीर करून मी त्याला हिंदीत विचारलं, अंदर क्या डालते हो? तो म्हणाला, "चीज, ऑरेंज का छिलका, और सूजी. पका के." सूजी, म्हणजे रवा. मी उडालेच. म्हणजे आत चक्क सांजा होता. इटलीतल्या बायका चिरोट्यात सांजा भरतात, आणि हे शोधून काढलं मी. मी जागेवर येऊन बाबांना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांनाही आश्चर्य वाटलं. मग मी त्यांच्या देखत, त्या दिवसापुरत्या मागून आणलेल्या माझ्या फोनवरून, आत्याला बोलून मेसेज पाठवला. फोन नाही करायचा म्हणालीस, मेसेज नाही करायचा असं म्हणाली नव्हतीस. "आत्या, रवा असतो गं आत! दूध घालून शिजवतात का पाणी, ते पुढच्या वेळी विचारते. मी आलेय त्याच बेकरीत. बाबा काही खाईनात, तू रागाव त्यांना." बाबा उठले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ आले नाहीत.

संध्याकाळी उत्तर आलं. टाइप केलेलं. "छान. अभ्यास कर." पुढे अंगठ्याचं चित्र. मी खूश झाले की आत्या एकदाची टाइप करायला शिकली.

हल्ली लोक मला सांगतात की तुझ्या आईवडिलांनी केलं ते बरोबरच होतं, आपल्याकडे सगळे असंच करायचे. परीक्षा असली की घरातलं मरण झाकून ठेवायचं, लग्न ठरलेलं असलं की आजार लपवायचा. करायचे खरे. माझ्याच मावसबहिणीला तिचे आजोबा गेल्याचं बी. कॉम.च्या निकालानंतर सांगितलं होतं. त्या परीक्षेत मला किती टक्के पडले ते मला आज आठवत नाही. खोटं सांगत नाही, आईला विचारून लिहावं म्हटलं तर तिलाही आठवेना.

शेवटचा पेपर सामाजिक शास्त्रांचा, म्हणजे इतिहास-भूगोलाचा, पुढच्या आठवड्यात गुरुवारी. अकराला सुटलो. रोज मी शाळेच्या बसने यायची, पण त्या दिवशी फाटकाबाहेर बाबा उभे होते. गुळगुळीत दाढी केलेली. मला इतकं बरं वाटलं त्यांना तसं बघून. "ऑफिस?" विचारलं तर म्हणाले, "सुट्टी घेतलीय. सकाळी काही खाल्लं नाहीस म्हणाली आई. चल, आधी पोटात काहीतरी जाऊ दे." गाडीत मी एकटीच बडबडत होते. माझा फोन त्यांनी आणला नव्हता, विसरलो म्हणाले.

बेकरीत गुरुवारीही जागा नव्हती. भिंतीलगतचं एक छोटं टेबल रिकामं होताना दिसलं तसं बाबांनी पुढे होऊन स्वतःचा रुमाल आणि फोन त्यावर ठेवला, मला बसवलं आणि नंबराचा कागद घेऊन रांगेत गेले. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी त्यांची ती सवय होती, फोनपेक्षा जागा महत्त्वाची. मी थोडा वेळ बसले. मग मला सुचलं की फोन तर समोरच आहे. पेपर संपला की पहिला फोन आत्याला, असं मी ठरवलं होतं, आणि पेपर संपून तासही झाला नव्हता. बाबांच्या फोनमध्ये तिचं नाव "अक्का" असं होतं. मी लावला. दोनदा वाजला आणि पुरुषाचा आवाज आला. सुधीरकाकाचा, म्हणजे मिरजेतच राहणाऱ्या बाबांच्या चुलतभावाचा.

"हां दादा. सांगितलंस का पोरीला?"

मी फोन कानाला घट्ट धरला. तिथे इतका गलका होता की त्याला वाटलं असेल, ऐकू जात नाही. तो जोरात बोलायला लागला. "फार रडली का रे? तिकिटं झाली ना? तेरावा शनिवारी, गुरुजींना सांगून ठेवलंय. आणि दादा, अक्काचा हा फोन तू आलास की तुझ्याकडे देतो बाबा. पोरीचे मेसेज येतात, एकदा कसंबसं उत्तर टाकलं, पुन्हा धीर होत नाही. हॅलो? दादा?"

मी फोन बंद केला आणि होता तसा रुमालावर ठेवला. कुणी गेलंय हे कळायला एक वाक्य पुरतं, मला तर चार मिळाली होती. समोर लाल आकडा बदलला. रांगेत बाबांचा नंबर आला होता. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, हसले आणि गर्दीच्या वरून दोन बोटं दाखवली. दोन घेऊ का, असं विचारत होते. मी मान हलवली. हो, दोन.

ते ट्रे घेऊन माणसांतून वाट काढत आले. बसले. मी विचारलं, "आत्या कधी गेली?"

बाबांनी आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मागच्या सोमवारी. तू सायन्सच्या पेपरला होतीस."

"शुक्रवारी आपण इथं आलो होतो."

"हो."

"मी दोन खाल्ले. सुतकात. तुम्ही मला खाऊ दिलेत."

"तुला सुतक नव्हतं, सुमे," बाबा म्हणाले. ते हळू बोलत होते आणि आजूबाजूला माणसं ओरडत होती, म्हणून मला पुढे वाकावं लागलं. "गुरुजींना विचारलं होतं मी. ज्याला कळलं नाही त्याला सुतक नाही. कळलं की लागतं. आमचे दहा दिवस काल झाले. तुला आजपासून तीन दिवस."

हे त्यांनी मला दिलासा म्हणून सांगितलं. सगळं नीट विचारून, शास्त्राला धरून केलंय, तुझ्या हातून काही चुकू दिलेलं नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. मला एवढंच कळलं की आईने आणि त्यांनी मिळून दहा दिवस आत्याचं दुःख केलं, खाली झोपले, अळणी खाल्लं, आणि ते सगळं काल संपलं. आता ते दाढी करून आलेत आणि माझं सुरू होतंय, एकटीचं. या घरात आत्यासाठी रडायचा पहिला हक्क माझा होता आणि मला सगळ्यांत शेवटी बोलावलं होतं.

"तुम्ही मिरजेला का नाही गेलात?"

"गेलो असतो तर तुला कळलं असतं."

"मग अग्नी कुणी दिला?"

"सुधीरने." बाबा टेबलावरची साखर बोटाने गोळा करत होते. "चितेचा फोटो पाठवला होता त्याने. मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसून बघितला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये."

आज मी हे लिहिताना थांबते. एकुलता एक भाऊ, तिने त्याला शिकवलं, त्याची पोर आठ वर्षं सांभाळली, आणि तिच्या शेवटाला तो गेला नाही, कारण त्या पोरीचा भूगोल राहिला होता. पार्किंगमध्ये, बंद काचांच्या आत, फोनवर बहिणीची चिता बघणारा माणूस मला आज दिसतो. त्याला त्या दहा-अकरा दिवसांत माझ्याइतकं जवळचं कुणी नव्हतं आणि माझ्यापाशीच बोलायची चोरी होती. हे सगळं मला आज कळतं. त्या दिवशी मी पंधरा वर्षांची होते आणि माझं कुणीच उरलं नव्हतं, आणि ज्याच्यावर राग काढता येईल असा एकच माणूस समोर बसला होता.

मी बशी त्यांच्याकडे सरकवली. दोन्ही चिरोटे, गरम, वाफ येत होती.

"तुमचं फिटलंय ना सुतक?" मी म्हटलं. "मग खा."

"सुमे."

"खा ना. मला चालत नाही. तुम्हाला चालतं."

बाबांनी एक उचलला. त्यांनी बशी बाजूला सारावी, मला एक ठेवून द्यावी, निदान उठून जावं, अशी माझी अपेक्षा होती. पण त्यांनी खाल्ला. तो कर्रकन वाजला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण दोन्ही हातांना साखर होती. काउंटरवरची फिलिपिनो मुलगी कागदी रुमालांची चळत आमच्या टेबलावर ठेवून निघून गेली. पहिला संपला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर ते थांबले असते, माझ्या तोंडाकडे बघत ते त्या शब्दाचीच वाट पाहत होते. मी बोलले नाही. मग त्यांनी दुसरा उचलला, आणि तोही सगळा खाल्ला.